जेवढा पाऊस, तेवढा संसार

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे कितीसा? अंगणातली धूळ जेमतेम बसते, पागोळ्याही धड लागत नाहीत. पण हाच एक मिलिमीटर एका हेक्टरावर, म्हणजे अडीच एकरांच्या रानावर सारखा पडला, तर त्याचं पाणी भरतं दहा हजार लिटर. टंचाईत गावात येतो तो मोठा टँकर, काठोकाठ. हिशेब शाळेतलं पोर पाटीवर करील असा आहे: चौरस मीटरभर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, आणि हेक्टरात असे चौरस मीटर दहा हजार. तरी तो पहिल्यांदा समजतो तेव्हा आभाळाकडे बघण्याची नजरच बदलून जाते.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथहून वसमतकडे निघालं की शिरड शहापूर लागतं. या पट्ट्यात वर्षाला साधारण आठशे ते नऊशे मिलिमीटर पाऊस होतो. आपण आठशेच धरू. म्हणजे दर हेक्टराला आठशे टँकर, घरपोच, डिझेलचा थेंबही न जाळता. जलजीवन मिशनच्या निकषाने माणसाला घरच्या वापरासाठी रोज ५५ लिटर पाणी हवं. वर्षाचे झाले वीस हजार लिटर, म्हणजे दोन टँकर. एका हेक्टरावरच्या पावसात चारशे माणसांचं वर्षाचं पाणी असतं! आणि तरी मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत एप्रिल उजाडला की घागरींची रांग लागते.

या कोड्याचा पाठलाग केला, की आपण थेट आजच्या अर्थशास्त्रातल्या सगळ्यात अवघड प्रश्नापाशी पोचतो. निसर्गाची जमेची बाजू वाढवता येत नसेल, तर माणसांचा संसार त्यात बसवायचा कसा? जगभर यावर ग्रंथ लिहिले जातात. पण मला वाटतं, हा प्रश्न समजून घ्यायला काळ्या मातीच्या आणि काळ्या पाषाणाच्या या मुलखाइतकी चांगली जागा नाही.

आठशे टँकर पडले, पुढे काय झालं? निम्म्याहून जास्त पाणी पिकांच्या, गवताच्या, झाडांच्या पानांतून आणि उघड्या मातीतून पुन्हा हवेत जातं. ते वाया गेलं असं समजू नये. सोयाबीन, तूर, कापूस त्यावरच उभे राहतात. काही पाणी ओढ्या-नाल्यांनी पूर्णेकडे पळतं. काही मातीच धरून ठेवते, आणि इथे पहिलं आश्चर्य भेटतं. मीटरभर खोल काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पोटात ठेवते. म्हणजे हेक्टरी दीडशे-दोनशे टँकरचं धरण, भिंत नसलेलं, कुणाची जमीन न बुडवणारं. हस्ताचा पाऊस चांगला झाला, वाफशावर पेरणी साधली, की एक पाणीही न देता रब्बीची ज्वारी आणि हरभरा येतो तो याच साठ्यावर. हे धरण कुठल्या सरकारी नकाशात दिसत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांची सगळी शेती मात्र त्याच्याच लाभक्षेत्रात होती.

उरलेलं मुरमातून खाली उतरतं. बसाल्टाच्या प्रदेशात ते पावसाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतं. हिशेबाला सोपं जावं म्हणून थोडं उदार होऊन शंभर टँकर म्हणू.

आता खाली काय आहे ते पाहा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि दख्खनचं पठार तयार झालं. प्रत्येक थर खाली घट्ट काळा पाषाण, वर वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला मांजऱ्या. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडा गेरू. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्याच्या पोकळ्यांत आणि पाषाणाच्या भेगांत. झिजलेल्या बसाल्टाचा एक घनमीटर तुकडा घेतला, तर त्यातून उपसता येण्याजोगं पाणी निघतं साधारण वीस लिटर. शेकडा दोन! बाकी सगळा दगड.

या दोन टक्क्यांतच मराठवाड्यातल्या प्रत्येक विहिरीचं चरित्र लिहिलेलं आहे. शंभर मिलिमीटर पाणी जमिनीत मुरलं, तर दोन टक्के पोकळीच्या खडकात पाण्याची पातळी पाच मीटर वर चढते. म्हणून श्रावण-भाद्रपदात विहिरी बघता बघता भरतात. उपसायला लागलं की तोच हिशेब उलटा: शंभर मिलिमीटर काढलं की पाच मीटर खाली. उत्तरेत गंगा-सिंधूच्या मैदानातल्या वाळू-गाळात पोकळी याच्या कितीतरी पट. तिथे तेवढंच पाणी मुरलं तर पातळी मीटरभरही हलत नाही. तिथला साठाही शेकडो फूट खोल. त्यामुळे पंजाबात जमेपेक्षा खर्च जास्त होऊ लागला, तरी मोटारी पाणी देत राहिल्या आणि ते कर्ज दशकानुदशकं वाढत गेलं. आपल्या पाषाणाची तशी ऐपतच नाही. जास्त उपसलं की त्याच फाल्गुनात विहिरीचा तळ दिसतो. निसर्गाची मर्यादा इतक्या लवकर, इतक्या स्पष्टपणे सांगणारा खडक पायाखाली असणं याला मी भाग्य मानतो. त्याचं सांगणं टाळायची वाट आपण शोधली ती बोअरची. दोनशे-तीनशे फूट खाली गेलं की जुन्या, फार सावकाश भरणाऱ्या भेगांतलं पाणी लागतं आणि वर्षाचा हिशेब वर्षात मिटवायची सवय मोडते. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा, अंमलात आला २०१४ मध्ये. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आलं त्याचं कारण हेच.

एक काल्पनिक गाव घेऊ. शिवार हजार हेक्टर, माणसं अडीच हजार. हिंगोली जिल्ह्यात माणसांची दाटी साधारण अशीच आहे. जमिनीत मुरलेलं पाणी वर्षाला एक लाख टँकर. माणसांना घरच्या वापराला लागतात पाच हजार. शेकडा पाच! म्हणजे मुरलेल्या पाण्याचा विसावा हिस्सा जरी शेवटपर्यंत राखला, तरी त्या गावात टँकर यायला नको. मग उरलेले पंच्याण्णव हजार जातात कुठे? उसाला वर्षभरात दोन हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त पाणी लागतं. पावसाचं वजा करूनही हेक्टरी बाराशे टँकर विहिरीतून द्यावे लागतात असं धरलं, तर हजार हेक्टरांच्या शिवारात ऐंशी हेक्टर ऊस सगळंच्या सगळं पंच्याण्णव हजार टँकर पिऊन टाकतो. उरलेल्या नऊशेवीस हेक्टरांवर पडलेल्या पावसाचं मुरलेलं पाणीसुद्धा त्या ऐंशी हेक्टरांनाच गेलं. जमिनीखाली बांध नसतात.

ज्या गावांना सिद्धेश्वर धरणाचा कालवा भेटतो तिथे जमेची बाजू मोठी दिसते. पण सिद्धेश्वर आणि त्याच्या वरच्या अंगाचं येलदरी, दोन्ही पूर्णेवरची, आणि पूर्णा निघते अजिंठ्याच्या डोंगरात. कालव्याने येतो तो दुसऱ्या कुणाच्या तरी शिवारावर पडलेला पाऊस.

त्याच शिरड शहापूरला भगवान मल्लिनाथांचं अतिशय क्षेत्र, म्हणजे जैनांचं जागृत तीर्थ, आहे. मल्लिनाथ एकोणिसावे तीर्थंकर, त्यांचं लांछन कलश. दर्शनाला दूरदुरून माणसं येतात. आज ज्याला आपण पर्यावरणाच्या मर्यादेतली अर्थव्यवस्था म्हणतो, तिची एक अतिशय जुनी आणि बारकाईने विचार केलेली कल्पना या परंपरेच्या पोटात आहे. जैन गृहस्थाच्या बारा व्रतांपैकी एक परिग्रह-परिमाणाचं. मुनी सगळंच सोडतात. संसारी माणसाने सगळं सोडावं अशी अपेक्षा नाही. त्याने आपली हद्द आपणच ठरवायची. शेत किती, घरं किती, सोनं-चांदी, गुरंढोरं, धान्य, नोकरचाकर, कापडचोपड, भांडीकुंडी किती, हे वर्गवार ठरवून टाकायचं. तत्त्वार्थसूत्रात ही यादी आहे आणि ठरवलेलं माप ओलांडणं हा अतिचार, म्हणजे व्रतातला दोष, असं तिथे सांगितलं आहे.

खरी थक्क करणारी गोष्ट पुढच्या आचार्यांनी केलेल्या विवेचनात आहे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्रांच्या ‘योगशास्त्रा’त माणूस हद्द पाळल्याचं दाखवून ती कशी मोडतो याच्या तऱ्हा येतात. शेजारचं शेत घ्यायचं आणि मधलं कुंपण काढून टाकायचं. शेतांची संख्या ठरलेली तेवढीच! गाय गाभण आहे, पण वासरू अजून जन्मलेलं नाही, म्हणून ते मोजायचं नाही. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी कुणीतरी बसून हा विचार केला होता की मर्यादा घालणं सोपं आहे, ती कशावर घालायची हे ठरवणं अवघड.

हेच कुंपण आपण आज काढतो. ठिबक आलं, त्याने एकरी पाणी खरोखर वाचतं, आणि ते वाचलेलं पाणी आणखी चार एकरांना जातं. एकरी वापर घटला, शिवाराचा उपसा तसाच राहिला किंवा वाढला. इंग्लंडात विल्यम जेव्हन्सने १८६५ साली कोळशाबद्दल हेच दाखवलं होतं: वाफेची यंत्रं काटकसरी झाली तसा देशाचा कोळसा जास्तच जळू लागला. ठिबक हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण बेरजेवर हद्द नसेल तर काटकसरीने हद्द येत नाही.

बेरजेवर हद्द घालणारी आणि ती शतकं चालवणारी माणसं महाराष्ट्रात होऊन गेली. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर फड पद्धत होती. तिचे काही अवशेष अजून आहेत. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या रानाचे तीन-चार मोठे फड. एका फडात एकच पीक: यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू, पुढच्या साली बदल. पाणी कमी असेल त्या वर्षी तेवढे फड भिजवायचे, बाकीचे कोरडे. यातली कमाल अशी की प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात असे. त्यामुळे एक फड कोरडा राहिला तर झळ सगळ्यांना सारखी लागायची. पाटाच्या तोंडाशी रान असलेल्याने भरपूर घ्यावं आणि शेपटाकडच्याने वाट बघावी, हे आज प्रत्येक कालव्यावरचं भांडण तिथे रचनेतच मिटवलं होतं. शेतकरी स्वतः पाणी धरत नसे. गावाने नेमलेला पाटकरी फडभर पाणी देई, जागले राखण करत. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या अशा सामायिक व्यवस्था अभ्यासून १९९० मध्ये त्यांच्या टिकण्याची कारणं मांडली आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हद्द स्पष्ट असणं, नियम वापरणाऱ्यांनीच करणं, देखरेख त्यांनीच ठेवणं, ही त्यांनी सांगितलेली कारणं फडावर एकेक करून लागू होतात.

दुसरं उदाहरण माझ्या मते आपल्या विचाराच्या इतिहासात फार मोठं आहे आणि त्याची थोरवी पुरेशी सांगितली गेलेली नाही. १९७२ चा दुष्काळ. विलासराव साळुंखे हे पुण्यात अचूक मोजमापाची उपकरणं बनवणारा कारखाना चालवणारे अभियंते. दुष्काळी कामं पाहायला ते पुरंदर तालुक्यात गेले आणि तिथेच गुंतले. नायगावला देवस्थानाची सोळा हेक्टर माळजमीन त्यांनी खंडाने घेतली, पाऊस अडवून, मुरवून, मोजून वापरून दाखवला. त्यातून १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान आणि पुढे पाणी पंचायत उभी राहिली. नियम थोडे होते. पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, माणसांच्या संख्येने मिळेल: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. ज्याची जमीन जास्त, त्याचं पाणी जास्त, हे जणू सृष्टीचंच विधान आहे असं मानणाऱ्या मुलखात हे नियम गावकऱ्यांनी मान्य केले आणि चालवले.

आता जरा अमेरिकेत जाऊ. हर्मन डॅली हे मर्यादेच्या अर्थशास्त्राचे मोठे आचार्य. काही वर्षं जागतिक बँकेतही होते. १९९२ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. अर्थव्यवस्थेपुढे प्रश्न तीन आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत, असं त्यांचं म्हणणं. पहिला, एकूण आकार किती असावा. हे निसर्गाच्या ऐपतीवर ठरवायचं. दुसरा, त्यातलं कुणाला किती. हे न्यायाने ठरवायचं. तिसरा, कशाचं काय करायचं; हे मग बाजारावर आणि ज्याच्या त्याच्या हुशारीवर सोडायचं. आपण नेहमी तिसऱ्यापासून सुरुवात करतो आणि पहिले दोन आपोआप सुटतील असं धरून चालतो. पाणी पंचायतीने काय केलं होतं? आधी पाणी किती ते मोजलं. मग डोक्यामागे वाटलं. मग वाट्याला आलेल्या पाण्यात ज्वारी घे, भाजी घे, ऊस सोडून काहीही घे, तुझं तू पाहा, असं सांगितलं. तोच क्रम, आणि डॅलींच्या लेखाच्या कितीतरी आधी! पुरंदरातल्या सगळ्या योजना पुढे टिकल्या नाहीत हे खरं. पण कल्पनेचा कस त्याने कमी होत नाही.

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम करणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी तर त्याही आधी पाया घातला होता. तुरुंगात लिहिलेल्या आणि १९४५ मध्ये आलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’मध्ये त्यांनी अर्थव्यवस्थेच्या जाती निसर्गातूनच उचलल्या: मेंढी मारणारा वाघ, आपण न लावलेल्या झाडाचा आंबा खाणारं माकड, स्वतःचं घरटं बांधणारा पक्षी, पोळ्यासाठी राबणारी मधमाशी, आणि पिलाला भरवणारी पक्षीण. १९४५ मध्ये पृथ्वीच्या हद्दी कुणी मोजलेल्या नव्हत्या. शास्त्रज्ञ जोहान रॉकस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हवामान, गोडं पाणी, नत्र-स्फुरद, जीवसृष्टी अशा नऊ हद्दी मांडल्या. २०२३ च्या मोजणीत त्यांतल्या सहा ओलांडलेल्या निघाल्या. अर्थतज्ज्ञ केट रॅवर्थ यांनी त्यात आतलं वर्तुळ जोडलं: बाहेरची हद्द निसर्गाची, आतली माणसाच्या गरजांची, आणि राहायचं दोन्हींच्या मधल्या जागेत. आपल्या काल्पनिक गावात ही दोन्ही वर्तुळं टँकरमध्ये मोजता येतात. बाहेरचं एक लाखाचं, आतलं पाच हजारांचं.

मोजणं ही फार दूरची गोष्ट राहिलेली नाही. शिरड शहापूर ज्या औंढा तालुक्यात आहे, तिथेच दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. चार-चार किलोमीटरच्या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही लहान फरक पडला तर तो तिथे टिपला जाणार आहे. विहिरीतलं पाणी किती खाली गेलं हे मोजायला एक दोरी आणि एक वजन पुरतं. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच केलं. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, पुढे पाऊस मोजायची, पावसाळ्यानंतर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायची आणि त्यावर पिकं ठरवायची रीत पडली. आधी माणसं, मग गुरं, मग शेती. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. हिंगोलीतला पाऊस हिवरे बाजारच्या जवळपास दुप्पट आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या निवडक गावांचे पाण्याचे ताळेबंद २०१८ पासूनच्या ‘पोकरा’ या सरकारी शेती प्रकल्पात तयारही झाले. त्यामागचं गणित आयआयटी मुंबईने बसवलं. म्हणजे डॅलींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर कागदावर आलं आहे. दुसऱ्याला अजून हात लागलेला नाही.

हात लावला तर काय दिसेल? या भागाचं नगदी पीक हळद. वसमतची बाजारपेठ मोठी, तिथे हळदीचं संशोधन केंद्र झालं, २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. हळदीचं बेणं पावसाच्या तोंडावर लागतं आणि काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. पाऊस थांबल्यावरही पुढे तीन-चार महिने तिला पाणी द्यावंच लागतं. आपल्या काल्पनिक गावाचा ताळेबंद आता पुरा करू. एक लाख टँकर. माणसांचे पाच हजार, गुरांचे पाच हजार. ओढा थोडा वाहता राहावा आणि पुढचं साल वाईट निघालं तर हाताशी असावेत म्हणून दहा हजार बाजूला. उरले ऐंशी हजार. पाच-पाच माणसांची पाचशे घरं. घरटी एकशे साठ टँकर. एवढ्यात दोन एकर हरभऱ्याला किंवा ज्वारीला तीन चांगल्या पाळ्या बसतात, आणि काळ्या मातीत आधीच साठलेली ओल त्याखेरीज. हा वाटा जमीनवाल्याचा आहे तसा हळद काढायला, शिजवायला, पॉलिश करायला जाणाऱ्या भूमिहीन घराचाही. ज्याला चार एकर हळद करायची आहे त्याला स्वतःच्या एकशे साठ टँकरांत ती भिजवता येणार नाही. शेजारच्या घरांचं पाणी लागेल, त्या घरांनी हो म्हणायला लागेल, आणि वसमतच्या बाजारात पट्टी होईल तेव्हा तिच्यात त्यांचा वाटा धरावा लागेल.